ओसरीवरची माळ

दादांचा फोन आला तेव्हा मी शाळेत तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून बसले होते. दादा म्हणजे माझे थोरले दीर, आमच्या आक्कांचे मालक. फोनवर त्यांना कधीच फार बोलता येत नाही. म्हणाले, “सुमन, घेऊन यायलोय तिला. ओसरी झाडून ठेव.” क्षणभर मला खरंच वाटलं की आक्का बऱ्या होऊन घरी येताहेत. मी हेडमास्तरांकडे सुट्टी मागायलासुद्धा हसतच गेले… तिथं पोचेपर्यंत दादांचा आवाज कानात पुन्हा वाजला आणि मग कळलं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वडवणीजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती आणि त्यांनी ते सासूबाईंना कळू दिलं नाही. माझी फाटलेली भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि वर मला चिडवायच्या, “मास्तरीणबाई, ही भाकर हाय का नकाशा?” अख्ख्या पंचक्रोशीत मात्र त्यांची ओळख वेगळी होती. आक्का काविळीची माळ द्यायच्या. घेटुळी म्हणजे पुनर्नवा, तिच्या मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफायचे आणि त्याची कडी करून माणसाच्या डोक्यावर ठेवायची. मुळ्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ लांबत लांबत कपाळावरून गळ्यात आणि गळ्यातून छातीवर येते. माळ उतरली की कावीळ उतरली, असा लोकांचा विश्वास. आक्कांना ही विद्या माहेराहून मिळालेली. तिच्याबद्दल काही घ्यायचं नाही, आणि देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं स्वतःला माळ घालायची नाही, असे तिचे दोन नेम.

माळेत गुण होता का, हे मला विचारू नका. बरीचशी कावीळ आपली आपण जाते, हे मी पुस्तकात शिकले होते आणि आक्कांशी त्यावरून भांडलेही होते. पण आलेल्या माणसाला त्या सतरंजीवर उजेडाकडे तोंड करून बसवायच्या, खालची पापणी ओढून बघायच्या आणि मग सांगत बसायच्या. तेल कधीपर्यंत बंद, रस कुठला प्यायचा, लघवीचा रंग कसा बघायचा, आणि चार दिवसांत फरक पडला नाही तर माळ तशीच ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. एकदा सांगून समाधान व्हायचं नाही. समोरच्याकडून वदवून घ्यायच्या. चूल खोळंबलेली असायची आणि मी आतून भांडी आपटत असायचे.

मग एका सकाळी चहा देताना त्यांचेच डोळे मला हळदीसारखे दिसले. त्यांनाही ते आरशात दिसले होते. घेटुळी घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “मला तुझ्या हातानं घाल.” मी अट घातली, की आधी बीडला तपासणी, मग माळ. तयार झाल्या. बीडच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न काढता पहिला प्रश्न विचारला, “दारू किती वर्षं?” खोकल्याच्या औषधालाही वास येतो म्हणून न शिवणारी ही बाई. उठली आणि चालू लागली. स्टँडवर पदरानं तोंड झाकून म्हणाली, “मला पुन्हा त्या दाराला नेऊ नको.” गावात यायच्या आत प्रश्न गावात पोचला होता. लिव्हर म्हटलं की आपल्याकडं दारूच. बायका पाणंदीत कुजबुजायच्या, आणि ज्यांच्या पोरांना आक्कांनी माळा घातल्या त्याही कुजबुजायच्या. माझा संताप अजून गेलेला नाही. मी कबूल केल्याप्रमाणं माळ घातली. पण त्या एका प्रश्नापायी सगळं वर्ष हातचं गेलं.

पोटात पाणी भरलं तेव्हा कुठं दादांनी त्यांना संभाजीनगरला नेलं. तिथं कळलं की जुनी साखर आणि लिव्हरवरची चरबी यांनी आतल्या आत लिव्हर आकसून टाकलं होतं. आता मी वाचते, की जगभर असंख्य माणसं अशीच जातात आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी थेंबही घेतलेला नसतो. पण हे आमच्या पाणंदीतल्या बायकांना कुणी सांगायचं? दवाखान्यात पाणी काढलं, गोळ्या दिल्या, एक गोड पातळ औषध दिलं. “यानं पोट साफ होईल,” एवढंच म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आक्कांनी अर्थ लावला, हे बद्धकोष्ठाचं औषध.

उन्हाळ्यात माजलगावला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, मंडप शेतात, आणि बाईमाणसाला जायला आडोसा नाही. त्या औषधानं दिवसातून तीन-चारदा जावं लागायचं. आक्कांनी कुणाला न सांगता बाटली घरीच ठेवली. लग्नातल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. परत आल्या त्या सकाळी मी पाहिलं तर ओसरीवर बसून रिकाम्या दोऱ्याला गाठी मारत होत्या. एकामागून एक गाठ, मध्ये मुळी नाहीच. मी हाक मारली. त्यांनी वर बघितलं, सतरंजीवर हात थापटला आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा मायेनं म्हणाल्या, “बसा बाई. कोणाला झालीया कावीळ? भिऊ नका.”

ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दादांनी त्यांना तसंच पुन्हा संभाजीनगरला नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दादांना विचारलं, ते पातळ औषध बंद केलं होतं का? लिव्हर काम करीत नाही तेव्हा अंगातलं विष शौचावाटे काढायला ते असतं, नाहीतर विष डोक्यात चढतं. हे आधी कुणी सांगितलं नाही? मग त्या बाई दादांजवळ बराच वेळ बसून सगळं सांगत राहिल्या. चांगल्या होत्या… पण तोवर आक्का शुद्धीवर नव्हत्या, त्या आल्याच नाहीत.

अंघोळ घालताना पदराखाली माळ सापडली. मी डोक्यावर ठेवलेली, आता पार छातीखाली आलेली. एक म्हातारी पुटपुटली, “माळ तर उतरली हुती की गं.” मी ती कापून काढली. ओसरीतल्या खुंटीला अजून आहे.

परवा एक बाई पिवळ्या डोळ्यांची लेक घेऊन आली. माळ द्या म्हणाली. माळ मी देत नाही. रक्त तपासायला आजच जा म्हणून सांगितलं. तिचा चेहरा पडला, उठायला लागली. मी तिला पुन्हा खाली बसवलं. जे औषध देतील ते कशासाठी, आणि एक दिवस चुकलं तर काय होईल, हे दोन्ही विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरायची नाही, असं सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. एकदा नीट आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. आत दूध उतू गेल्याचा वास आला.

दादांनी त्या दिवशी सांगितलं तशी ओसरी मी अजून रोज झाडते. सतरंजी टाकते. आक्का येणार नाहीत हे मला कळतं. पण पिवळ्या डोळ्यांचं कुणीतरी येतं, आणि त्याला ‘बसा, भिऊ नका’ म्हणायला घरात आता मीच आहे.