एकच नग

समस्त मीरा-भाईंदरकरांना कळवण्यास अत्यंत हर्ष होतो की भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर एके काळी अस्सल जर्मन पियानोचं आगमन झालं होतं. लिफ्टमध्ये तो मावेना, म्हणून काशीमीऱ्याहून आणलेल्या हमालांनी जिन्याने चढवला. वाटेत निम्म्या सोसायटीने त्याला हात लावून घेतला.

हौस बायकोची. लहानपणी तिच्या चाळीसमोर पियानो शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. ही त्यांच्या खिडकीखाली उभी राहून ऐकायची. लग्नानंतरही पोळ्या लाटून झाल्या की पिठाची बोटं ओट्यावर चालवायची. काय चाललंय विचारलं तर म्हणायची, ओटा पुसतेय.

मग केबलवर सिनेमाखाली सरकणाऱ्या पट्टीत जाहिरात आली: परदेशी निघालेल्या कुटुंबाचा जर्मन पियानो, एकच नग. मीरा रोडच्या त्या फ्लॅटवर आम्ही गेलो. मुलगा भाव सांगत होता आणि कोपऱ्यात त्याची म्हातारी आई पियानोवरून हात फिरवत रडत होती. नवऱ्याची शेवटची आठवण, म्हणाली. झालं, आमची हीसुद्धा सुरू झाली. दोघी गळ्यात पडून अशा रडल्या की घासाघीस करणं मला पाप वाटलं. निघताना हिने आजींना शब्द दिला, जिवापाड सांभाळीन.

घरात नवी वस्तू आली की पूजा आलीच. फ्रिजची झाली होती, मिक्सरचीही. हिने कुंकू कालवलं आणि झाकणावरच्या सोनेरी जर्मन नावाशी ओल्या बोटाने स्वस्तिक काढायला घेतलं. पहिल्याच रेघेला निम्मं नाव बोटाला चिकटून आलं.

मी काय ते समजलो. हिचा मात्र चेहरा पडला. आजींच्या नवऱ्याची आठवण आपल्या हातून बिघडली, असंच तिने धरलं. माझं काही ऐकेना. बेसनाचे लाडू वळले आणि माफी मागायला मलाच ओढत घेऊन निघाली.

दार उघडंच होतं. आत त्याच सोनेरी नावाचा दुसरा पियानो, समोर नवं जोडपं, आणि कोपऱ्यात आजी. हात तसाच फिरतोय, पदर तसाच डोळ्यांना. आम्हाला पाहताच मुलगा मला बाजूला घेऊन पैसे परत करायच्या गोष्टी करू लागला. हिने तिकडे बघितलंही नाही. लाडवांचा डबा छातीशी धरून ती आजींना म्हणाली,

"पियानोचं राहू द्या, आजी. माझ्या गळ्यात पडून रडलात, ते तरी खरं होतं ना?"