पुरतंय म्हणणाऱ्या वयनी

चौथीपर्यंतच शिकले, म्हणून अक्षर वाकडं येतं, शब्दही चुकतील, माफ करा. पण राग मावत नाही, म्हणून लिहिते.

शेजारच्या वयनी रोज सकाळी दारात बसून दिवसाकडे एवढंसंच मागतात. "आज भाकरी करपली नाय, म्हंजे झालं गो." कधी म्हणतात, "शेळी येळेवर घरी आली, बस." तेवढं झालं की संध्याकाळी खरंच खुशीत असतात. मला त्यांचा हेवा वाटायचा.

आमच्या गावाशेजारून तानसा धरणाचं पाणी मोठ्या नळातून मुंबईला जातं. आमच्या विहिरीत उन्हाळ्यात टँकर ओततात, ते आम्ही बायका शेंदतो. मागच्या आठवड्यात तालुक्याचा साहेब आला. "पाणी पुरतं ना?" वयनींनी पदर सावरला. "पुरतंय की साहेब." पाहुण्याला घरातली उणीव सांगत नाहीत, तशा बोलल्या. साहेबाने टँकर दिवसाआड केला.

माझी सून बाळंतीण आहे. मी भांडायला गेले, तर वयनी म्हणाल्या, "रागावतेस काय? माझा हंडा ने. मला अर्ध्या कळशीत भागतंय." हसत होत्या. बाळाला न्हाऊ घालायचं होतं, म्हणून मी हंडा घेतला. रागाने भराभर चालले, घरी येईपर्यंत पाणी सांडलं.

काल साहेब पुन्हा आला. परक्या पुरुषाशी मी कधी बोललेली नाही. पण वयनींनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नाय पुरत."

साहेबाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले.