देवीने मला जेवायला लावले

देवीसाठी केलेला उपासच अंगावर यावा, याचा अर्थ कसा लावायचा हे त्या दिवसांत मला कळेना. माझे यजमान डिचोलीच्या एका खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवत. टिपर उलटला आणि पाय चिरडला. पाय कदाचित कापावा लागेल, असं कानावर आलं तेव्हा मी पेडण्याला माहेरच्या देवीपुढे बोलून गेले, ते उभे राहीपर्यंत अन्न घेणार नाही, संध्याकाळी फक्त पेलाभर दूध. थोड्याच दिवसांत माझे डोळे पिवळे झाले.

शेजारणी म्हणाल्या, कामीण झाली, म्हणजे कावीळ. पाल्याचं औषध देणाऱ्या बाईंनी दूधही बंद करायला सांगितलं. ते सोडलं, तर डोळे आणखीच पिवळे. व्रत मोडावं तर त्यांच्या पायाची भीती. पाळावं तर माझी मलाच भीती, कारण त्यांना उठवून बसवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. शेवटी देवळात जाऊन, व्रत मोडू का, असा कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी होकाराला उजवीकडे पडली नाही, की नकाराला डावीकडे. भटजी म्हणाले, "देवी आज उलयना गो. तू म्हापशाक दोतोराक दाखय."

देवीच बोलेना, म्हणून म्हापशाची बस धरली. ते दिवस गोव्यातल्या भाषेच्या आंदोलनाचे. वाटेत आंदोलकांनी बस अडवली आणि आम्ही सगळे झाडाखाली बसून राहिलो. सावंतवाडीकडची एक वयस्क बाई शेजारी होती. तिनं पिशवीतला उंडा, म्हणजे गोल पाव, मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.

"खा गो बाय. तोंड सुकला तुजा."

"उपास आसा, मावशी."

कधीपासून, ते तिनं विचारलं, मी यजमानांच्या पायाचं, व्रताचं सगळं सांगितलं. तिनं उंडा पदरात बांधून ठेवला. बस सुटली, पण मला चक्कर येते हे पाहून ती हात धरून म्हापशाच्या इस्पितळात आली, डॉक्टरांच्या खोलीतही.

रक्त तपासलं. डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन तेवढं वाढलेलं, यकृताचं बाकी सगळं ठीक. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. मोठ्या इस्पितळात दाखल व्हा, म्हणाले. तेवढ्यात मावशी बोलली, "दोतोरानू, ह्या बायेन कितीक दिवस अन्नाक हात लावूक नाय."

उपास म्हणजे काही आजार नव्हे, म्हणून मला ते सांगायचं सुचलंच नव्हतं. डॉक्टरांनी बारकाईनं विचारलं आणि मग त्यांचा चेहरा सैल झाला. "काही जणांच्या यकृताला हे बिलिरुबिन बाहेर टाकायला जन्मापासूनच वेळ लागतो. खाणं कमी झालं की ते रक्तात वाढतं, डोळे पिवळे होतात. तुमचं तसंच दिसतं. जेवायला लागा, मग पुन्हा तपासू."

"आणि व्रत?" मी विचारलं.

डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले. मावशी म्हणाली, "तू पडलंस तर घोवाक उठवतला कोण?" आणि उरलेला उंडा माझ्या हातात ठेवला. मी रडत रडत तो खाल्ला. हात धुऊन आले तर ती निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं.

हळूहळू डोळे निवळले. पुढच्या तपासणीतही बिलिरुबिन उतरलेलं निघालं. यजमानांचा पाय वाचला. लंगडतात, पण चालतात. तो भरून आला तेव्हा मी रोज दोन वेळा जेवत होते.

देवी त्या दिवशी बोललीच नाही, की त्या मावशीच्या तोंडून बोलली, हे मला आजही उलगडत नाही. आता मी देवीला अट घालत नाही. नैवेद्य दाखवते, पुढचं तुझं तू बघ म्हणते आणि यजमानांच्या शेजारी बसून पोटभर जेवते.