चुलीमागे एक माणूस

मोलगीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यात जंगलाची राखण चुलीवर मोजतात. एका रात्री एक चूल, चुलीमागे एक माणूस. लाकूडचोर अंधारातच येतात, म्हणून पाळीचा माणूस दिवेलागणीला भाकरी बांधून डोंगर चढतो. नाही म्हणता येत नाही. म्हणणाऱ्याच्या निंदणीला मग पाड्यातलं कुणी फिरकत नाही.

गुलाबबाईने चूल वेगळी केली ती तेलावरून. थोरली जाऊ कौसाबाई तेलाची बाटली आपल्या खाटेखाली ठेवायची. "बाटलीपायी कुणी घर फोडतं का?" असं नवरा, करमसिंग, म्हणाला होता. गुलाबबाईने तीन दगड मांडले, माती लिंपली. पहिला धूर डोळ्यांत गेला तरी तिला बरं वाटलं होतं.

त्याच हिवाळ्यात नव्या चुलीची पाळी लागली. एकत्र असते तर कौसाबाईच्या तीन पोरांपैकी कुणी गेलं असतं. करमसिंग गेला. चोरांमागे धावताना कड्यावरून घसरून मेला.

तेव्हापासून तो रोज दिवेलागणीला येतो. कुडाला टेकून बसतो, बोलत नाही. गुलाबबाई त्याच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापते, आणि पाठीवर त्याची नजर तिला जाणवत राहते.

घरात बाप्या नाही म्हणून पाड्याने तिला पाळीतून सोडलं होतं. यंदा तिचा पोरगा पवन अठराचा झाला आणि कारभारी ईश्वर सकाळीच अंगणात येऊन उभा राहिला.

"वहिनी, आज तुमची पाळी."

"थोरल्या घरी तीन जवान, माझ्याकडे हा एकटा. आणि माणूस दोघींकडून एकच?"

"आपण चूल मोजतो. माणसं मोजायला गेलो तर भांडणं लागतील."

"ज्यांच्याकडे माणसं जास्त, तेच भांडतील."

ईश्वर तंबाखू मळत राहिला.

दुपारी कौसाबाई आली. कमरेवरची घागर खाली न ठेवताच म्हणाली, "दगड काढ तुझे. पोराला घेऊन परत ये. चूल एक झाली की माझ्यातला कुणी जाईल."

"आणि तेल?"

"तुझ्या खाटेखाली ठेव, बाई."

गुलाबबाईला हसू आलं. तिने दगड उपटले. वाटलं, चूलच नसेल तर करमसिंग येऊन बसेल कुठे?

सांजेला थोरल्या घरातून कौसाबाईचा धाकटा, जान्या, निघाला. त्याची भाकरी गुलाबबाईनेच बांधली. पवन मान खाली घालून जेवत होता. जान्या वाकून चपला शोधत होता, आणि त्याच्या शेजारी, कुडाला टेकून, करमसिंग बसला होता. आज तो गुलाबबाईकडे बघत नव्हता. जान्याकडे बघत होता.

"थांब रे," ती म्हणाली. "पवन, हात धू. पाळी आपली आहे."

कौसाबाईची पळी कढईत तशीच राहिली. "अगं, मी काही म्हटलं का?"

"तू नाही."

पवन उठून हात धुऊन आला. जान्याने दोघांकडे पाहिलं. "दोघंही जातो, काकी. एकट्याला धाडायचं कुणी ठरवलं होतं, कोण जाणे."

पोरं चढणीआड दिसेनाशी झाली. दोघी जावा दाराकडे तोंड करून बसल्या. बऱ्याच वेळाने गुलाबबाईने हळूच मागे पाहिलं. कुडापाशी कुणी नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती जागा रिकामी होती, आणि आज तिला जास्त भीती वाटली. तो पोरांमागे तर गेला नसेल?