आईच्या ओव्यांची कॅसेट

नातीच्या वहीला कव्हर घालताना चिकटपट्टीचा वास आला आणि सातपूरच्या खोलीतला एक रविवार आठवला. माझ्या मुलाने, सुरेशने, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर घेतला होता. तोच नाद असलेले चौघे-पाचजण जमायचे आणि आपापले प्रोग्रॅम गाण्यांच्या जुन्या कॅसेटवर भरून एकमेकांना फुकट वाटायचे.

मी चहा घेऊन गेले. भरलेलं नीट आलंय का ते बघायला त्यांनी टेप लावला होता. प्रोग्रॅमची नुसती किरकिर ऐकू येत होती. बाजूला माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटची डबी रिकामी पडली होती. ओव्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून माझ्या भावाने कॅसेटच्या मागचा तुकडा मोडून ठेवला होता. वर पुन्हा भरता यावं म्हणून पोरांनी त्या भोकावर चिकटपट्टी लावली होती.

“अरे, ही आजीची कॅसेट!”

“आई, आधी सांगायचं ना.”

“काकू, परत भरून आणू की,” एकजण म्हणाला.

“कुठून? ती गेली.”

त्यांचा एखादा प्रोग्रॅम पुसला तरी दुसऱ्याच्या घरी असायचा. आईचा आवाज फक्त माझ्याकडे होता, हे आता कळतं. तेव्हा मी चहाचे कप वाटायला लागले.

किरकिर थांबली. उरलेल्या फितीवर आई म्हणाली, “बास बाई, दळण सरलं.”