जुन्या मापाचा ब्लाउज

पाळी बंद झाली त्या वर्षी माझं वजन आठ किलोनं वाढलं. खाणं तेच, कुंभवलीच्या घरात शिलाई मशीनवर बसणंही तेच. तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला थोरल्या नणंदेनं भरल्या घरात माझा दंड चिमटीत धरला. "पाळी जाऊन कोन एवढी फुगत नाय. ही चोरून खाते!"

सगळ्या हसल्या. त्यात माझी गिऱ्हाइकंही होती. तेव्हापासून लग्नकार्यात मी दुसरी पुरी घेतली की बायका एकमेकींकडे बघत. मी अर्धपोटी उठे आणि घरी येऊन नणंदेला शिव्या देई.

नणंद तेव्हा प्रोबायोटिकची पाकिटं विकत होती. पोटात चांगले जंतू गेले की चरबी उतरते, म्हणे. मी सहा महिने घेतली. पोट साफ राहिलं, खोटं कशाला बोलू. काटा मात्र हलला नाही. बोईसरची डॉक्टरीण म्हणाली, "या वयात पुष्कळ जणींचं वजन वाढतं. पोटाला बरं वाटतंय तर घ्या, पण बारीक व्हायची आशा नको." नणंदेला सांगितलं, तर म्हणाली, "तूच पथ्य पाळत नाय."

गेल्या वर्षी तिची पाळी गेली. त्यातच मुलाचं लग्न ठरलं. वरमाईचा ब्लाउज टाकायला आली, तेव्हा दारातच मला सगळं दिसलं. पण तिनं टेप लावू दिली नाही. "जुन्याच मापानं शिव. मी काय तुझ्यासारखी हाय?"

गिऱ्हाईक मापाबद्दल खोटं बोलतं, आम्ही शिवणाऱ्या कापडात सांभाळून घेतो. दोन बोटं सैल शिवायचं, शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची माया सोडायची, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. या वेळी मी जुनं माप काढलं आणि सूतभरही न ढळता शिवलं. आतलं जास्तीचं कापड कापून टाकलं. इतक्या आनंदानं मी आयुष्यात काही शिवलेलं नाही.

घालून बघायला तिला उसंत नव्हती. एडवणला लग्नाच्या सकाळी तिनं मला आतल्या खोलीत बोलावलं. एकही हुक लागत नव्हता. दाराबाहेर हळदीकुंकवाला हसलेल्या त्याच बायका वरमाईची वाट बघत होत्या.

"काय तरी कर गं."

"उसवायला कापडच नाय, वन्स. तुमीच म्हणालात, जुन्या मापानं."

ती खाटेवर बसली. डोळे भरले. "मी काय जास्त खात नाय गं," ती पुटपुटली. "आपोआप वाढतंय."

मी तिच्या पाठीवर पदर ओढला आणि दाराची कडी काढली.

"मोठ्यानं बोला, वन्स. बाहेर ऐकू गेलं नाय."