विश्वस्त बसले ड्रायव्हरच्या मागे

बाळाजी गायधनींना बोलता येत नाही, अशी नाशकातल्या बऱ्याच लोकांची पक्की समजूत होती. 'एक बाक' ही त्यांची संस्था दिव्यांग मुलांना वेगळ्या शाळेत न पाठवता गावातल्याच साध्या शाळेत बसवते. अशा संस्थेच्या विश्वस्त मंडळावर एक तरी माणूस त्या मुलांमधला हवा, म्हणून गायधनींना घेतलंय, असं म्हणायचे. ऑफिसखालचा चहावाला त्यांना हातवारे करून विचारायचा, साखर कमी की नेहमीची? आणि गायधनी, त्याला कशाला ओशाळं करा म्हणून, हातवाऱ्यांनीच सांगायचे, नेहमीची.

हे सगळं खोटं. बाळाजीकाकांना उत्तम बोलता येतं. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत येऊन ऐका. "गॅस बंद केलास ना? नक्की ना? नाही, तू केलाच असशील, पण मी आपलं एकदा बघून येतो. अगं, बाल्कनीचं दार? वारा सुटला तर कुंडी पडेल. कुंडी पडली तर खाली कोण असेल सांगता येतं का?" श्वास न घेता. काकू नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"मध्येही तीन प्रकार आहेत, पण ते पुन्हा कधी.

मग मंडळाच्या सभेत हा माणूस गप्प का? कारण मंडळाचा एक नियम होता, कुठेही न लिहिलेला: जो मुद्दा काढेल, त्याच्याच गळ्यात तो पडेल. ललित चांदवडकर सीए आहेत. त्यांनी एकदा सहज म्हटलं, "बेसिकली, त्या शाळेचा रॅम्प फार चढाचा वाटतो." तेव्हापासून ते बिचारे दर रविवारी मोजपट्टी घेऊन जिल्हाभर रॅम्प मोजत हिंडतात. काकांनी हे पाहिलं होतं. ज्या माणसाला कुंडी पडायची धास्ती, त्याच्या गळ्यात एखादं मूल पडलं तर? म्हणून ते यायचे, चहा घ्यायचे, ठरावाला हात वर करायचे आणि जिवंत घरी पोचायचे.

हे मोडलं गेल्या डिसेंबरात.

सायखेड्याच्या एका हायस्कुलात वेदिका नावाची आठवीतली मुलगी आहे. व्हीलचेअरवर असते. तिला तिथे संस्थेनंच घातलं. आठवीची सहल वणीच्या गडावर निघाली आणि हेडमास्तरांचा संस्थेला फोन आला, की घाटाचा रस्ता, एसटीच्या उंच पायऱ्या, वर गर्दी आणि माकडं, तेव्हा हिला आणायचं कसं? तुमचा एखादा विश्वस्त जबाबदारी घेऊन सोबत येत असेल तर बघू. नाहीतर ती घरी राहील. आणि एकदा का हे जमलं नाही, तर पुढच्या वर्षी विचारूच नका.

अध्यक्ष मालिनीताई, कॉलेजच्या निवृत्त प्राचार्या. त्या प्रत्येक वाक्य असं बोलतात, जणू समोर कोणी ते उतरवून घेतंय. "मला असं सुचवावंसं वाटतं," त्या म्हणाल्या, "की आपण त्या दिवशी वेदिकाला नाशकात आणू. बागेत नेऊ. केक आणू. तिच्यासाठी... स्वतंत्र सहल."

"ग्रेट," ललित म्हणाले. "लायबिलिटीचा प्रश्नच येत नाही."

सगळ्यांच्या माना डोलल्या. एकीला तर भरून आलं. फुगे कोण आणणार इथपर्यंत गोष्ट गेली.

बाळाजीकाकांनी हात अर्धा वर केला आणि तो तिथेच राहिला. वेदिकाच्या प्रवेशाच्या दिवशी ते नाइलाजानं हजर होते. तिनं वर्गात शिरताच सगळा वर्ग न्याहाळून, सगळ्यात दंगेखोर दिसणाऱ्या मुलींच्या बाकाकडे बोट दाखवलं होतं. तिथे बसणार म्हणाली होती. त्यांना तेच बोट दिसत होतं.

"पण मग," काका म्हणाले, आणि चहा आणणारा जागीच थिजला, "वेगळी सहल काढायची होती, तर एका बाकावर बसवली कशाला?"

मालिनीताईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"अगदी रास्त मुद्दा आहे, बाळाजीराव," त्या प्रेमानं म्हणाल्या. "मग आपणच जा."

त्यानंतर काकांच्या घरात जे सुरू झालं, ते काकूंच्या तिन्ही "हं"ना पुरेना. "घाटात उलटी झाली तर? खुर्चीचं चाक निखळलं तर? ब्रेक लागतो का त्याला? एसटीचा नाही गं, खुर्चीचा! आणि माकडानं डबा ओढला, ती दचकली, पडली, तर हेडमास्तर काय म्हणतील? म्हणतील, बघा, सांगत होतो. मग जिल्ह्यातली एक शाळा घेईल का कोणाला? एकीचं नाही गं, सगळ्यांचं बंद होईल!" त्यांना जेवण जाईना. गडाचा रस्ता ते फोनवर बोटानं पुन्हापुन्हा चढत होते आणि प्रत्येक वळणावर थांबत होते.

शेवटी धीर यावा म्हणून ते सायखेड्याला मुलीच्या घरी गेले आणि सभेतला केकचा बेतही सांगून बसले. वडील हर्षल पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसचा टेम्पो चालवतात. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "साहेब, गाडीत चढवा-उतरवायला मी यीन. सुट्टी घेतली हाय. तुमी नुसते सोबत ऱ्हा."

वडील चहाला आत गेले तशी वेदिकानं खुर्ची सरकवून काकांच्या गुडघ्याला टेकवली.

"काका, एक सांगू का? राग नाय ना येणार?"

"नाही गं बाळा. बोल."

"तुमी येऊ नका."

"अगं, मी नाही आलो तर सर तुला..."

"म्हाईत हाय मला. तुमी आला नाय तर सर नेनार नाय. आन् आला तर तुमी माझ्याशेजारी बसनार. पानी पी, स्वेटर घाल, गार वारं लागतंय. मंग निकिता अन् पोरी माझ्याजवळ बसतील का? मास्तर बसलाय त्या सीटवर कोन बसतंय? त्यापेक्षा केक बरा."

यातलं निम्मं तरी काकांनी तिला सांगायचं ठरवूनच आणलं होतं. स्वेटरसुद्धा.

"मग काय करू?" त्यांनी तेरा वर्षांच्या मुलीला विचारलं.

"पुढं बसा. डायवरच्या मागं. तुमी आपले सरांशी बोलत ऱ्हा. पन मागं बघायचं नाय. एकदा बी नाय. गडावर बी आमच्या मागं मागं यायचं नाय."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर मी वरडीन की! माझा आवाज चांगला हाय."

सहलीच्या सकाळी हर्षलनं तिला उचलून मागच्या लांब सीटवर, पोरींच्या मधोमध ठेवलं, खुर्ची घडी करून कोपऱ्यात बांधली. काका ड्रायव्हरच्या मागे बसले आणि समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

आता त्यांना दिसत काहीच नव्हतं. होता तो नुसता आवाज. पिंपळगावपर्यंत भेंड्या चालल्या, त्यात वेदिकाचा आवाज सगळ्यांच्या वर, आणि सुरात तर अजिबात नाही. वणी मागे पडली. नांदुरीपासून घाट लागला. पहिल्या वळणाला खुर्ची खडखडली. दुसऱ्याला कोणीतरी "आईऽऽ" केलं. आणि मग मागे एकदम शांत झालं.

शांत! काकांनी दांडा आणखी घट्ट धरला. पडली? चक्कर? का श्वास...? हेडमास्तर शेजारून कोपरानं ढोसत म्हणाले, "अहो गायधनी, बघा ना जरा. तुमची मुलगी आहे."

"शाळेची आहे, सर," काका कसेबसे म्हणाले. "तुम्ही बघा."

हेडमास्तर चमकून वळले. बघितलं. पुन्हा पुढे वळले, जरा रागातच. "चिंचा खातायत. लपवून. सगळ्या जणी."

वर गडावर काका सोडून सगळे, वेदिकासुद्धा, रोपवेनं देवळात गेले, खाली आले. काका बसजवळच्या दगडावर, देवळाकडे पाठ करून. निघायची वेळ झाली. हेडमास्तरांनी मुलं मोजली आणि त्यांचा चेहरा बदलला. मागच्या सीटवरच्या पाची जणी गायब. आणि समोर, पेढ्यांच्या दुकानाबाहेर, व्हीलचेअर उभी. रिकामी.

त्या खुर्चीकडे बघताना काकांना वाटलं, आपण वर बघितलं की आभाळ नसेल. हर्षल धावत सुटला. काका अर्धे उठले. तिनं सांगितलं होतं, काही झालं तर ओरडेन. कान ताणला. ओरडणं नव्हतं. ते परत बसले. हेडमास्तर ओरडत होते, "मी सांगत होतो! सांगत होतो की नाही?" आणि काकांना कळत होतं, या एका वाक्यानं जिल्ह्यातली सगळी दारं बंद होणार.

मग बांगड्यांच्या दुकानातून हसणं आलं. पोरींनी वेदिकाला हातांची पालखी करून त्यावर उचलून दुकानाच्या ओट्यावर बसवलं होतं. बांगडीवाल्याकडे सगळ्या बसतात, तशी. खुर्ची आत जाईना म्हणून बाहेर. कोपरापर्यंत काच भरून पाची जणी आल्या, वेदिका वडिलांच्या कडेवर.

हेडमास्तरांचा पारा चढला तो काय! "निकिता! वेदिका! अक्कल आहे का? सगळी बस खोळंबली! पाची जणींनी उद्या पालकांना घेऊन यायचं! आणि पुढच्या वर्षी तुम्ही पाची जणी माझ्या डोळ्यांसमोर, पुढच्या सीटवर! कळलं?"

बोलून गेले ते. पुढच्या वर्षी. पाची जणी. हर्षलनं ऐकलं आणि लेकीला जरा घट्ट धरलं. वेदिका मान खाली घालून उभ्या असलेल्या पोरींसारखीच, वडिलांच्या खांद्यावरून मान खाली घालून होती, आणि तिला हसू दाबता येत नव्हतं. काका दगडावर बसूनच होते. नुसती कानांतलं पाणी निघाल्यासारखी सुटका.

आता एक गोष्ट उरली. सहलीच्या आदल्या संध्याकाळी जिन्यात काका भेटले, वेदिकाची अट सांगू लागले, तेव्हा मी त्यांना त्यांच्याच आवाजात म्हटलं होतं, "बघून येतो आपलं एकदा!" आणि पैज लावली, की घाट लागायच्या आत तुमची मान वळणार. मी जिंकले, तर काकांनी सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या माइकवर स्वतःची नक्कल करायची. हरले, तर मी त्यांची नक्कल शिमग्यापर्यंत बंद.

सहलीहून आल्यावर काकांनी फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून साक्ष आली: "नाय वळले, ताई. मान आखडली त्यांची, पन नाय वळले."

पैज मी हरले. शिमग्यापर्यंत बाळाजीकाकांचा आवाज काढायचा नाही, असं ठरलं होतं. लिहायचा नाही, असं कोणी म्हटलं नव्हतं.